कानोसा

सिस्टरनं ती पांढरी चकती माझ्या गळ्याच्या हाडाखाली चिकटवली, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून वाघमोडेबाई म्हणाल्या, "घ्या! आता नवऱ्याशी भांडलेलं पण डॉक्टरीणबाईंना कळणार."

"कळू दे की," मी म्हणाले. "निदान कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल."

वाघमोडेबाई एसटीत पंचवीस वर्षं कंडक्टर होत्या, बहुतेक सगळी सांगली–जत गाडीवर. डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. डोक्यावर एक केस उरला नव्हता, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. सांगलीबाहेरच्या त्या कॅन्सर केंद्रात दर मंगळवारी आम्ही सातजणी सलाइनच्या नळ्या लावून ओळीनं बसायचो. सातहीजणींचा आजार छातीत सुरू होऊन पुढच्या प्रवासाला निघालेला. माझा यकृतात आणि एका बरगडीत जाऊन बसला होता. पहिलं औषध सहा महिन्यांत थकलं. हे दुसरं. मी छत्तीस वर्षांची आणि माझी मनवा सात.

चकतीचं नाव कानोसा. डॉक्टर आफरीन मुजावर मिरजेच्या, माझ्याच वयाच्या. त्या खुर्च्यांच्या मधोमध स्टूल ओढून बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "तुम्ही बायका खोटं बोलता."

"अगंबाई!"

"रागावू नका. कशा आहात विचारलं की 'बरी आहे'. घरी जाऊन रात्रभर उलट्या. मग मी उलटीचं औषध वाढवायचं तरी कधी? म्हणून हा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. घशातले स्नायू ज्या मज्जातंतूच्या हुकमात असतात, त्याच्याच फांद्या पुढे हृदयाकडे आणि पोटाकडे जातात. म्हणून माणूस घाबरला की नाडीची लय बिघडते, पोटात गोळा येतो आणि आवाजाला बारीक कंप सुटतो, तिन्ही एकाच वेळी. तो कंप समोरच्याच्या कानाला लागत नाही, पण बोलणाऱ्याच्या हाडात उतरतो. कानोसा हाडातून आवाज ऐकतो, नाडी मोजतो आणि घामात ताणाचं रसायन किती आहे ते बघतो. पहिले दहा दिवस तो फक्त त्या एका बाईला शिकत असतो, ती निवांत असताना कशी बोलते ते. नंतर तिचे शब्द आणि तिचं शरीर एकमेकांपासून किती लांब गेलेत, ते सांगू लागतो.

"म्हणजे आमचं सगळं बोलणं तुमच्याकडे साठणार?" मी विचारलं.

"नाही. वाक्य साठवायला कायद्यानं बंदी आहे. त्याला आजाराचे चारशे शब्द शिकवलेत. त्यातला शब्द आला, तर तो शब्द, वेळ आणि त्याखाली भीती किती होती, एवढंच तो ठेवतो. बाकीचं वाक्य विसरून जातो."

"आमची सासू असंच करायची," वाघमोडेबाई म्हणाल्या. "वाक्य विसरायची आणि शब्द तेवढा धरून बसायची."

सातहीजणी हसलो. त्या खोलीत आम्ही किती हसायचो हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही.

*

कानोशाचा निकाल रोज संध्याकाळी घरच्या माणसाच्या फोनवर यायचा. हिरवा, पिवळा आणि भीती फार असेल तर केशरी. माझा घरचा माणूस म्हणजे वैभव, माझा नवरा.

पहिल्या महिन्यात त्यानं फार जीव लावून ते सगळं केलं. पिवळा दिवस आला की भाजी तोच चिरायचा. केशरी आला की टीव्हीचा आवाज बंद, भांड्यांचा आवाज बंद. डॉक्टरांनी उलटीचं औषध बदललं आणि खरंच माझ्या उलट्या थांबल्या. खोटं कशाला बोलू, कानोशानं मला जेवण परत दिलं.

पण घर हळूहळू दवाखान्यासारखं झालं. मी "चहा गार झालाय" म्हटलं, तरी वैभव आधी माझ्याकडे न बघता फोनकडे बघायचा. एकदा मी चिडून म्हणाले, "मी इथं आहे, त्या फोनमध्ये नाही."

"तसं नाही गं. तू सांगत नाहीस म्हणून बघतो."

सगळ्यात वाईट झालं ते मनवाचं. आमची मनवा हट्टी. वेणी घालायची तर दोन, त्यात एक उंच, रिबन लाल, आणि मध्ये तीनदा 'ओढू नकोस ना!' एका सकाळी ती येऊन चूप बसली. मी एकच वेणी घातली, वेडीवाकडी. ती तशीच दप्तराकडे वळली.

"आवडली?"

"हो."

"खरं सांग."

"बाबा म्हणाले, काल केशरी होतं. त्रास द्यायचा नाही."

मला वाटलं, आजारानं जे नेलं नव्हतं ते आता या चकतीनं नेलं.

वेणी वेडीवाकडी का झाली, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

आम्ही कासार. गणपती पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. हल्ली यंत्रावर हाताचं माप देऊन न फुटणाऱ्या बांगड्या छापून मिळतात, बहुतेकजणी त्याच घालतात. पण लग्नाचा हिरवा चुडा आणि डोहाळजेवणाच्या बांगड्या काचेच्याच लागतात आणि त्या भरायला माणूसच लागतो. अंगठ्याच्या मुळाशी एक हाड असतं. ते आत दाबून, तळहात मिटवून बांगडी वर सरकवायची. हाड कधी सैल पडलं ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांच्या टोकांना कळतं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, लग्नानंतर पहिल्या वर्षी मला डोळे मिटून भरायला शिकवलं होतं.

दुसऱ्या औषधाच्या पाचव्या आठवड्यात माझ्या बोटांना मुंग्या आल्या. आठव्या आठवड्यात मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बोटंही गेली. म्हणजे होती जागेवर, पण हातमोजा घातल्यासारखी. ब्लाउजचे हूक लागेनात. बांगड्यांचे तोडे, म्हणजे जुडगे, दोऱ्यानं बांधून येतात, त्या दोऱ्याची गाठ सुटेना. आणि काच हातातून निसटू लागली.

"आत्या, ही गाठ सुटेना हो."

"आण इकडं. आणि आज किती वाढल्या?"

"तीन वाढल्या."

"काल पण तीन वाढल्या होत्या."

काचेची बांगडी आमच्याकडे फुटत नाही. ती वाढते. फुटली म्हणणं अशुभ, म्हणून वाढली म्हणायचं. दुकानात बसणाऱ्या बाईच्या तोंडून चुकूनही दुसरा शब्द निघत नाही. प्रत्येक 'वाढली'सरशी मी आतून घाबरायचे, कारण बोटं किती गेलीत याचं ते माप होतं.

मग डॉक्टरांना का सांगितलं नाही? सांगते. आमच्या ओळीतल्या एकीनं सांगितलं होतं, तिचा डोस लगेच कमी केला. मी मनाशी हिशेब बांधून ठेवला होता: पूर्ण डोस म्हणजे मनवाची दहावी दिसेल. कमी डोस म्हणजे चौथीसुद्धा दिसणार नाही. कुणी शिकवलेला नव्हता हा हिशेब, माझा मीच केलेला. पण सकाळी डोळे उघडले की तोच आधी समोर यायचा. बोटं गेली तरी चालतील, डोस जाता कामा नये.

पण कानोशाला खोटं पकडता येतं. तेव्हा मी वाघमोडेबाईंना विचारलं.

"सोप्पं आहे," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचंच नाही. दुसरं काहीतरी खरं बोलायचं. चेकरनं विचारलं गाडी लेट का, तर मी म्हणायची, साहेब, आज जतचा बाजार. बाजार तर असायचाच की! लेट मात्र आम्ही चहाला थांबलो म्हणून."

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "बोटांना मुंग्या येतात?"

"आता नाही येत," मी म्हणाले. शंभर टक्के खरं. त्या संध्याकाळी निकाल हिरवाच आला.

*

शुक्रवारी दुपारी वैभव दुकानात आला तो फोन हातात धरून. आत्या एका गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवत होत्या. त्यानं मला मागच्या खोलीत नेलं.

"केंद्रातून फोन होता. औषध थांबवलंय."

"का?"

"का ते तुला माहीत आहे." त्याचा आवाज चिरकला. "गाठ वाढली. गाठ वाढली. तीन आठवड्यांत एकवीस वेळा म्हणालीस तू, इतकी घाबरून. भिंतीला सांगितलंस, पण मला एकदाही नाही?"

"मी? मी कधी म्हणाले?"

"कानोसा खोटं बोलत नाही, स्नेहल."

मी तिथंच पोत्यावर बसले. मी म्हणाले नव्हते. पण खरं सांगते, त्या क्षणी माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. मला न कळता माझ्या शरीराला काही कळलं असेल का? मी बरगडीखाली हात दाबून बघितला, पण त्या बोटांना काय लागणार? वैभव माझ्या शेजारी पोत्यावर बसला आणि आम्ही दोघं बाहेरच्या काचेच्या किणकिणाटाकडे कान देऊन राहिलो.

शनिवारी सकाळी डॉक्टर मुजावरांनी आम्हाला समोर बसवलं. "स्कॅन लगेच करते. पण औषध चालत नसेल तर ते देत राहण्यात अर्थ नाही. तिसरं औषध सुरू करावं लागेल. ते जड आहे." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "बघा. 'गाठ', 'वाढली', 'वाढली'. भीती प्रत्येक वेळी तीव्र."

मी शब्दांकडे बघितलं नाही, वेळांकडे बघितलं. सकाळी अकरा. दुपारी साडेबारा. संध्याकाळी पाच. घरी असतानाचा एकही नाही. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. तीन सोमवार कोरे होते.

मला कळलं. इतकं लख्ख कळलं की हसूच येणार होतं.

आणि लगेच दुसरंही कळलं. गप्प राहिले तर चाललेलं औषध जाणार. बोलले तर आधी बांगड्या आणि त्यांच्यामागून बोटं बाहेर येणार, मग डोस जाणार. मी अर्धंच सांगायचं ठरवलं.

"डॉक्टर, ही बांगड्यांची भाषा आहे. बांगडी वाढली. आणि गाठ ती दोऱ्याची."

वैभवनं कपाळावर हात मारला. जन्माचा कासार, पण त्यालाही सुचलं नव्हतं, कारण त्याच्या फोनवर वाक्य आलंच नव्हतं. डॉक्टर आधी बघत राहिल्या, मग खुर्चीत मागे रेलून खळखळून हसल्या. "बांगडी फुटली की माझी नानी म्हणायची, चूडी ठंडी हो गयी. मला सुचायला नको होतं का हे?" त्यांनी डोळे पुसले. मग हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

"स्नेहल, शब्द चुकीचा धरला त्यानं. पण भीती तर खरी होती ना? बांगडीची एवढी भीती? आणि तीन आठवड्यांत इतक्या बांगड्या कशा वाढल्या?"

मी हात टेबलाखाली घेतले.

त्यांनी खणातून एक चिमटा काढला, दोन लांब पात्यांचा, वाजवला की गुणगुणणारा. तो टेबलावर वाजवून त्याचं बूड माझ्या बोटाच्या टोकावर टेकवलं. "डोळे मिटा. थरथर जाणवली की सांगा."

आवाज ऐकू येत होता. हो म्हणणं अगदी सोपं होतं. आवाज येतोय, असं म्हटलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं, वाघमोडेबाईंच्या हिशेबानं. बाजूला वैभव होता. या माणसाला काल वाटलं होतं की मी भिंतीशी बोलते आणि त्याच्याशी नाही. ते त्याला वाटलं होतं ते यंत्रामुळे, पण ते खोटं होतं का?

"नाही जाणवत," मी म्हणाले. "इथंही नाही. मनगटापर्यंत काहीच नाही. महिना झाला."

आणि मग मला थांबता येईना. हूक, वेणी, दहावी, चौथी, सगळं त्या टेबलावर सांडलं. "डोस कमी करू नका हो. बोटं न्या. मला मुलगी मोठी झालेली बघायची आहे."

डॉक्टरांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हा हिशेब कुणी सांगितला तुला?" पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं करत होत्या. "उलटा आहे तो. असंच चालू राहिलं असतं तर आणखी महिन्याभरात चालताना तोल गेला असता आणि मग औषध मला कायमचं बंद करावं लागलं असतं. आता थोडं कमी केलं तर ते जास्त दिवस देता येतं. हात बर्फाच्या मोज्यात ठेवून देऊ. आजार पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, तुला माहीत आहे. पण धरून ठेवता येईल. वर्षानुवर्षं आजार धरून ठेवलेल्या बायका आहेत माझ्याकडे. बोटंही थोडीफार परत येतात, सावकाश."

मी नाक पुसलं. आता लाज राहिलीच नव्हती, तेव्हा म्हटलं, "अजून एक. तो निकाल आधी माझ्याकडे येऊ दे. कुणाला काय सांगायचं ते मी सांगेन."

"तसं करता येतं की," डॉक्टर म्हणाल्या. "आजवर कुणी मागितलंच नव्हतं."

*

स्कॅन बुधवारी आलं. यकृतातले डाग जवळजवळ निम्म्यानं लहान झाले होते. बरगडीचा तसाच होता. औषध चालत होतं.

पुढच्या मंगळवारी मी बर्फाच्या मोज्यांत हात घालून कमी केलेल्या डोसची पिशवी बघत बसले, तेव्हा वाघमोडेबाईंनी मान वाकडी करून ती वाचली.

"हाफ तिकीट काढलंस काय गं?"

"हो ना. आणि तुमच्या चेकरच्या युक्तीनं पायच मोडणार होते माझे."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग म्हणाल्या, "मी पण डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे आज. पोटरीत दुखतंय महिनाभर. खरं तेच सांगते." थोड्या वेळानं परत त्यांचा आवाज वर आला. "आणि हे बघ, हाफ तिकीटवाला पण त्याच गाडीत बसतोय आणि त्याच ष्टँडवर उतरतोय. पंचवीस वर्षं बघितलंय मी."

त्या संध्याकाळी निकाल माझ्या फोनवर आला. केशरी. वैभव कणीक मळत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज भीती वाटतेय मला. कारण काही नाही. स्कॅन चांगलं आलंय तरी."

तो मळायचा थांबला. "काय करू?"

"काही नको करूस. ऐकलंस ना, झालं."

"मला रोज वाटते," तो परातीकडे बघत म्हणाला. "मला कुणी चकती लावली नाही म्हणून, नाहीतर केंद्राची बत्तीच गुल झाली असती."

मनवाला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, की रंग आईचा आहे, तिच्या हट्टानं तो बदलत नाही. तिनं दोन दिवस आमची परीक्षा बघितली. तिसऱ्या दिवशी वेणी बाबांनी घातली म्हणून तिनं अख्खी गल्ली गोळा केली. मी दारात उभी राहून ते भोकाड तृप्त होईपर्यंत ऐकलं.

*

मार्गशीर्षात तासगावची एक नवरी चुडा भरायला आली. बरोबर आई आणि मावशी. आत्या गावाला गेल्या होत्या, वैभव माल आणायला बाहेर. बोटं थोडी शुद्धीवर येत होती, पण भरवसा ठेवण्याइतकी नाही. मी त्यांना संध्याकाळी या म्हणू शकले असते.

मी तिचा उजवा हात हातात घेतला. तेल लावलं, अंगठ्याचं हाड दाबलं. पहिली बांगडी चढवताना तिचा चेहरा पांढरा पडला आणि ओठ मिटले.

"दुखतंय?"

"नाही."

मी बांगडी तिथंच थांबवली. "बाळ, माझी औषधं चालू आहेत, बोटं बधिर आहेत माझी. तुझ्या हाडाचं मला काही कळत नाही. तू बोललीस तरच कळणार. नाहीतर काच तुझ्या हातात घुसेल."

"अहो, नवरीनं ओय ओय करायचं असतंय होय?" मावशी म्हणाली. "आम्ही चोवीस चोवीस भरल्या, हूं केलं नाही."

"आमच्या दुकानात करायचं असतंय," मी म्हणाले.

नवरीनं मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अंगठ्यापाशी," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

"शाब्बास. आता?" मी तिचा तळहात आणखी मिटवला.

"थोडं."

"आता?"

"आता नाही."

बांगडी मनगटावर गेली. मग दुसरी, तिसरी. ती सांगत गेली आणि मी वळवत गेले, तिचं बोलणं हेच माझं बोट. सहावीनंतर तिला जी वाचा फुटली ती थांबेचना. नव्या चपला चावतात. शालू टोचतो. सासरी सगळे पहाटे पाचला उठतात म्हणे आणि तिला आठशिवाय जाग येत नाही. मावशी "अगं!" म्हणाली, आई खुदकन हसली, आणि नवरीनं ओशाळून हात मागे घेतला.

मी तो परत ओढला. "बोल बाई," म्हटलं, "अजून डावा हात बाकी आहे."